पाणी सोडणारा

पहाटे साडेचारला कसब्यात पाणी सोडायचं,
पावणेसहाला बंद.
एकतीस वर्षं हेच.
खांद्यावर लोखंडी चावी, माझ्या छातीइतकी उंच,
आणि डोक्यात एकशे बारा व्हॉल्व्ह.
कागदावर एकही नाही.

निवृत्तीला नऊ दिवस उरलेत,
म्हणून ऑफिसनं तौसिफ दिलाय बरोबर, टॅब घेऊन.
"काका, सगळं नकाशावर घ्यायचंय."
घे बाबा.

हा पहिला. लिही:
करडे तांबटांच्या भट्टीसमोर, दोन पावलं डावीकडं.
"भट्टी कुठंय?"
भट्टी नाही.
पाच मजले आहेत, खाली पार्किंग,
नाव मात्र ठेवलंय 'ताम्र हाईट्स'.
हातोडे चालायचे तेव्हा त्या ठोक्यांवर मी फेरे मोजायचो,
बाविसाव्या फेऱ्याला वरच्या आळीत पाणी चढायचं.
आता मनात मोजतो.
चुकतो कधीकधी.

दुसरा, पटवेकराच्या सायकली जिथं लागायच्या
तासाला आठ आण्यांच्या.
तिसरा,
रॉकेलची रांग जिथं वळायची तिथं.
तौसिफ ढाप्याजवळ उकिडवा बसला,
वर बघितलं माझ्याकडं.
"रांग?"
हो. लांब असली की वळायचीच, इथंच.
दुसरीकडं जागा कुठं होती वळायला?

त्यानं आभाळाला विचारून अक्षांश-रेखांश टिपले.
म्हणाला, तीन मीटरचा फरक पडू शकतो.
तीन मीटर म्हणजे या आळीत दुसऱ्याचं घर, बाबा.
तीन मीटरसाठी इथं दोन पिढ्या कोर्टात गेल्यात.

एका चौकात अकरा बिऱ्हाडं असायची, नळ एक.
पाणी पोचलं हे मला भांडणावरून कळायचं.
मंदाकिनी भुतकरांचा आवाज आला
की समजायचं, प्रेशर बरोबर आहे.
आता मोटर घुरघुरते तळघरात
आणि पाणी मुकाट्यानं पाचव्या मजल्यावर जातं.
कमी आलं तर ॲपवर तक्रार येते,
इंग्रजीत, शेवटी 'धन्यवाद'.

खाली काय काय आहे ते तौसिफला सांगितलं.
आमचा बिडाचा पाइप, त्याखाली इंग्रजांचा,
त्याच्याही खाली कुठंतरी कात्रजहून आलेला दगडी नळ,
आणि सगळ्यांच्या खाली आता मेट्रो.
बोगदा खणत होते तेव्हा
चहाच्या कपात वर्तुळं उठायची.
मी दोनदा उठून व्हॉल्व्ह बघून आलो.
एकशे बाराही जागच्या जागी.
लोक तेवढे हलले होते.

सदुसष्ट नंबरचा पेव्हर ब्लॉकखाली सापडला.
घासून पुसून चावी लावली,
फिरला. लोण्यासारखा फिरला.
पाण्याचा आवाज मात्र आला नाही.
स्टेशनसाठी जी घरं उठली, त्यांचा होता तो.
"काका, डेड लिहू?"
डेड कशाला? फिरतोय की.
पलीकडं कोणी नाही एवढंच.
बराच वेळ बोट टेकवून बसला तो टॅबवर.
तसला रकानाच नव्हता म्हणे.

मग आम्ही चहा प्यायलो.
तो म्हणाला, त्याच्या आजोबांचं दुकान मोमीनपुऱ्यात होतं,
पतंगांचं,
आणि घरचे अजून पत्ता सांगताना
'पतंगाच्या बोळात' म्हणतात.
हे आधी नाही का सांगायचं, मी म्हटलं,
सकाळपासून मला वेड्यात काढतोयस.

काल टँकरवाल्याचा फोन आला.
कुठं उभा करू गाडी?
मी म्हटलं, ये की, मोमोच्या गाडीसमोर.
तौसिफ हसायला लागला.
"काका, ती गाडी मार्चमध्येच उठली."
खरंच. तिथं आता
मोबाइलची कव्हरं विकणारा पोरगा बसतो.
दुरुस्त करून सांगणार,
तेवढ्यात टँकरवाला म्हणाला,
"हां हां, कळलं,"
आणि आला की बरोबर तिथंच.